जुन्या अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह बदलताना

व्हॉल्व्ह म्हणजे अ‍ॅम्पमधली, आवाजाचा सिग्नल वाढवणारी काचेची नळी. घेताना आधी काचेच्या आतला चंदेरी थर बघा. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. व्हॉल्व्ह घेऊ नका.

स्पीकरला ताकद देणाऱ्या ईएल८४ व्हॉल्व्हच्या जागी ६बीक्यू५ बिनधास्त लावा, नाव तेवढं अमेरिकन. सुरुवातीचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या ईसीसी८३ऐवजी रशियन ६एन२पी मात्र नको: पिना बसतात, पण फिलामेंटची (आतल्या तापणाऱ्या तारेची) जोडणी वेगळी.

पुश-पुल अ‍ॅम्पला (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात तो) जुळलेली, म्हणजे सारखा करंट घेणारी जोडीच घ्या. नव्या जोडीचीही प्लेट (आतला धातूचा पत्रा) तापून लाल होत असेल, तर दोष बहुधा आधीच्या टप्प्यातला सिग्नल पुढे देणाऱ्या, गळक्या कपलिंग कपॅसिटरचा. तो आधी बदला, नाहीतर हीही जोडी जाईल.

ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत सॉकेट काळवंडतात. खरखर बऱ्याचदा तिथलीच. प्लग काढा, वीज साठवणारे मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याचं मीटरवर बघा, मगच क्लीनर मारा.