बुद्धिबळाच्या इंजिनासाठी प्रोग्रामिंग भाषा आणि कंपायलर कसा निवडावा

पुसद असो की मेहकर, तालुक्याच्या गावी राहून बुद्धिबळाचे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, स्वतः लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याजवळ बहुधा चार जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप, मोबाइलवरचे मोजके इंटरनेट आणि भारनियमनाने मध्येच जाणारी वीज एवढेच साहित्य असते. भाषा आणि कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) यांची निवड या साहित्याकडे पाहून करावी. सर्वांत बलाढ्य इंजिन कोणत्या भाषेत आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

भाषेकडून मुख्य अपेक्षा एकच असते. पटावर ६४ घरे आहेत आणि आजचे प्रोसेसर ६४ बिटांचा पूर्णांक एका घासात हाताळतात, म्हणून सगळी पांढरी प्यादी किंवा सगळे काळे घोडे एकेका पूर्णांकात साठवण्याची बिटबोर्ड पद्धत रूढ झाली. त्यातील पेटलेले, म्हणजे १ असलेले, बिट मोजणे आणि सर्वांत खालचा पेटलेला बिट शोधणे ही कामे क्षणोक्षणी लागतात. प्रोसेसरजवळ त्यांसाठी स्वतंत्र सूचना असतात, आणि भाषेने त्या सूचनांपर्यंत सरळ पोहोचू दिले पाहिजे. सी++ मध्ये २०२० च्या प्रमाणापासून ही सोय मानक ग्रंथालयातच आहे, रस्टच्या पूर्णांकांना ती अंगभूत आहे आणि गो भाषेत ती २०१७ च्या १.९ आवृत्तीपासून मिळते. जावातही ती आहे, परंतु जावाचा ६४ बिटांचा पूर्णांक चिन्हासहित असतो; म्हणून उजवीकडे सरकवताना तीन बाणांचे चिन्ह वापरावे लागते. ए-१ ला शून्य क्रमांक दिला असेल, तर दोन बाण वापरताच एच-८ वरचा काळा हत्ती चिन्हाच्या बिटावर बसलेला असल्यामुळे पटभर भलतेच मोहरे उमटतात.

वेगाविषयी बरेच गैरसमज आहेत. मध्यडावात एका स्थितीत सरासरी ३५ च्या आसपास कायदेशीर चाली असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या सगळ्या चाली तपासणाऱ्या साध्या मिनिमॅक्स शोधात दहापट वेगवान भाषा घेऊनही एक संपूर्ण अर्धचाल (एका बाजूची एक चाल) अधिक खोल जाता येत नाही. अल्फा-बीटा छाटणी (निकाल बदलू न शकणाऱ्या चाली न तपासणे) आणि चालींचा चांगला क्रम लावल्यास स्थितींची ही ३५ पटींची वाढ दर अर्धचालीला सुमारे सहापटीवर येऊ शकते, म्हणजेच गणिताची बाजू सुधारल्याने होणारा लाभ भाषा बदलण्याच्या लाभापेक्षा मोठा असतो. शुद्ध पायथन मात्र सी पेक्षा पन्नासपट मंद असणे नवलाचे नाही; त्या हिशेबाने दोन अर्धचालींहून अधिक खोली हातची जाते. तेवढे मान्य असेल, तर पायथनमध्ये इंजिन लिहिण्यात काही गैर नाही. सनफिश हे छोटेसे इंजिन पायथनमध्येच लिहिलेले आहे.

माझे मत असे की, महाविद्यालयात सी शिकून झाली असेल तर सी++ घ्यावी आणि फार विचार करू नये. क्राफ्टी हे इंजिन सी मध्ये आणि स्टॉकफिश हे इंजिन सी++ मध्ये आहे. दोन्हींचा स्रोत वाचता येतो, आणि अडचणीच्या वेळी असा जाणकार आधार जवळ असणे दूरच्या गावी फार मोलाचे ठरते. कोरी पाटी असेल तर रस्टही उत्तम आहे, कारण तपासणीच्या (डीबग) बांधणीत पूर्णांकाचे अतिवहन होताच, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर जाताच, प्रोग्राम तिथेच थांबतो. मात्र तिचे संकलन मेमरी आणि डिस्क दोन्ही भरपूर खाते.

कंपायलर निवडताना डाउनलोडचा आकार आधी पाहावा. व्हिज्युअल स्टुडिओ कित्येक जीबींचा असतो, तर लिनक्सवर जीसीसी किंवा क्लँग एका आज्ञेने आणि पुष्कळ कमी डेटात मिळतो. विंडोज सोडायचेच नसेल तर एमसिस-२ या साधनसंचातून मिन्जीडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी) घ्यावा. लॅपटॉपच नसेल, तर अँड्रॉइडवरील टर्मक्स या टर्मिनल अॅपमध्ये क्लँग चालतो आणि फोनवरही खरेखुरे इंजिन तयार होते.

सुरुवातीचे काही आठवडे वेगाचे सगळे पर्याय बाजूला ठेवून मेमरीच्या पत्त्याच्या चुका आणि अनिर्धारित वर्तन पकडणारे सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना चुका दाखवणारे कंपायलरचे पर्याय) चालू ठेवावेत. ही सोय लिनक्सवर सर्वांत सहज मिळते. ३२ बिटांचा १ हा आकडा ४० घरे सरकवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते, आणि ती डोळ्यांना दिसण्याआधी सॅनिटायझरला दिसते. यानंतर पर्फ्ट चाचणी, म्हणजे ठरावीक खोलीपर्यंतचे चालींचे सगळे क्रम मोजण्याची चाचणी, करावी: आरंभीच्या स्थितीपासून एक, दोन, तीन अशा अर्धचालींना अनुक्रमे २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१, ४८,६५,६०९ आणि ११,९०,६०,३२४ हेच आकडे आले पाहिजेत. एकाचाही फरक पडला तर चाली तयार करण्यात, कदाचित एन पासांमध्ये, कुठेतरी गफलत आहे असे समजावे, आणि तोपर्यंत वेगाचा विषय काढू नये.

मग कंपायलरची ओ-३ ही वेगवान बांधणीची पातळी, जोडणीच्या वेळचे सुधारीकरण आणि प्रोफाइलवर आधारित सुधारीकरण या क्रमाने जावे. शेवटच्या प्रकारात इंजिन एकदा बांधून ठरावीक स्थितींवर चालवतात, कोणता भाग किती वेळा चालला याची नोंद कंपायलरला देतात आणि पुन्हा बांधतात. दोन कंपायलरांची तुलना त्याच स्थितींवर, त्याच खोलीपर्यंत आणि एकाच धाग्यावर (थ्रेडवर) करावी. दोघांनी तपासलेल्या स्थितींची संख्या तंतोतंत सारखी यायला हवी. ती निराळी आली तर बहुधा एखादे चल आरंभीचे मूल्य न देताच वापरले गेले आहे, आणि अशा वेळी कोण वेगवान हे पाहण्यात अर्थ नसतो.

आपल्याकडे मोजमापात आणखी एक खोट शिरते. चंद्रपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की प्रोसेसर तापून स्वतःच गती कमी करतो, आणि वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा लॅपटॉपही तेच करतो. दुपारी चाचणी केली तर दुसऱ्यांदा चालवलेला कंपायलर विनाकारण हरतो. म्हणून चाचणी पहाटे, चार्जर लावून घ्यावी, दोन्ही बांधण्या आळीपाळीने चालवाव्यात आणि मधला आकडा धरावा.

आपल्याच प्रोसेसरला साजेशी बांधणी करणारा नेटिव्ह पर्याय घरच्या चाचणीपुरता ठेवावा. तशी फाइल महाविद्यालयाच्या जुन्या संगणकावर नेली, तर अनोळखी सूचना भेटताच ती बंद पडू शकते. तिथे नेण्यासाठी बिटमोजणीपुरती सूचना गृहीत धरणारी साधी ६४ बिटांची बांधणी वेगळी काढून ठेवावी. झेन आणि झेन-२ या एएमडी प्रोसेसरांवर पेक्स्ट ही निवडक बिट गोळा करणारी सूचना चालते खरी, पण इतकी मंद की त्यांच्यासाठी मॅजिक बिटबोर्डच (गुणाकाराने तक्त्यातून हत्ती-उंटांच्या चाली काढण्याची पद्धत) वापरावेत.