चंदन चोरीला जाण्याआधी: शहरातल्या झाडांच्या राखणीत होणाऱ्या चुका

पुण्यात बंगल्याच्या आवारातलं चंदन रातोरात कापून नेल्याची बातमी आली की आता कुणाला नवल वाटत नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. डेक्कनच्या बाजूचे जुने बंगले, कोरेगाव पार्क, विद्यापीठाचा परिसर, शिक्षणसंस्थांची मोठाली आवारं, सगळीकडे हेच घडत आलंय. बेंगळुरूतही तसंच. यातली बरीच झाडं कुणी मुद्दाम लावलेली नसतात. कोकीळ, बुलबुल चंदनाची जांभळट काळी फळं खातात, बी कुंपणापाशी पडतं आणि झाड आपलं आपण वाढतं. मालकाला कित्येकदा पत्ताच नसतो, चोराला मात्र असतो.

एक गोष्ट ठामपणे सांगते. चंदन जातं एका रात्रीत, पण चोरी त्या रात्री सुरू झालेली नसते. आधी टेहळणी होते, झाडाची पारख होते आणि त्याच्या खुणा मागे राहतात. आपल्या चुका बहुतेक याच काळात होतात.

आवारात चंदन आहे हेच माहीत नसणं

चंदनाला वास येईल तेव्हा ओळखू, असं अनेकांना वाटतं. उभ्या झाडाला वास येत नाही. पान चुरगाळा, साल खरवडा, काही उपयोग नाही. वास असतो गाभ्याला, म्हणजे खोडाच्या आतल्या लाकडाला, आणि गाभा धरायला साधारण दहा-पंधरा वर्षं जातात. ओळखायचं ते पानांवरून: समोरासमोर जोडीनं येणारी, लंबगोल, मागून फिकट. फुलं बारीक, किरमिजी रंगाची, झुबक्यांत येणारी. खात्री नसेल तर वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा महापालिकेच्या उद्यान विभागातल्या माणसाला दाखवा.

आणि ओळख पटली की त्यावर ‘चंदन’ अशी पाटी ठोकू नका. सोसायटीत प्रत्येक झाडाला नाव लावायचा उत्साह चांगला आहे, तेवढं हे एक झाड वगळा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर फोटो टाकणंही नको.

बुंध्यावरचं भोक ‘किडीचं असेल’ म्हणून सोडून देणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडते ती हीच चूक. चोराला झाड कापण्याआधी गाभा धरलाय का, किती धरलाय हे पाहायचं असतं. त्यासाठी तो गिरमिटानं किंवा बॅटरीवरच्या ड्रिलनं बुंध्यात भोक पाडतो आणि बाहेर येणारा भुसा बघतो. वरचं लाकूड पांढरट आणि बिनवासाचं. भुसा पिवळसर तपकिरी निघाला, त्याला वास आला, की झाड हेरलं गेलं. काही वेळा भोकाऐवजी कोयत्यानं सालीची एक ढलपी उडवलेली दिसते.

किडीचं भोक आणि गिरमिटाचं भोक यांत फरक असतो. किडीच्या भोकाच्या आजूबाजूला विष्ठेचे दाणे, कधी चिकट गळती. गिरमिटाचं भोक गोल, नितळ, सरळ आत गेलेलं, एकटंदुकटं. कधी ते मातीनं लिंपून टाकलेलं असतं, म्हणून नुसतं बघू नका, बोट फिरवून पाहा. बुंध्याशी पाचोळ्यावर ताजा भुसा पडलाय का तेही बघा. माळीबुवांना हे एकदा नीट समजावून सांगा. रोज झाडाजवळ जाणारा माणूस तोच असतो.

असं भोक दिसलं तर त्याच दिवशी फोटो काढून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रात्रीची गस्त मागा. शेजाऱ्यांना सांगा. भोक पडल्यावर किती दिवसांत चोर परततील याचा नेम नसतो, त्यामुळे ‘आठवडा गेला, आता काही होत नाही’ असं धरून चालू नका. सोसाट्याचा पाऊस, फटाक्यांचा आवाज, सुट्टीत बंद असलेली घरं, वीज गेलेली रात्र, हे त्यांच्या सोयीचे दिवस.

झाड वाचवताना झाडच मारणं

बुंध्याला काटेरी तार घट्ट गुंडाळलेली, भोवती सिमेंटचा ओटा बांधलेला, करवत अडावी म्हणून खोडात खिळे ठोकलेले, असं ठिकठिकाणी दिसतं. तार वाढत्या सालीत रुतते. खिळ्याच्या जखमेतून कुजणं सुरू होतं, आणि चोर खिळ्याच्या वर-खाली कापतोच. ओट्याखाली मुळं गुदमरतात. लोखंडी जाळीच हवी असेल तर ती बुंध्यापासून हातभर लांब, जमिनीत पक्की रोवलेली आणि पुढे सैल करता येईल अशी करून घ्या.

चंदन अर्धपरजीवी आहे. ते शेजारच्या झाडा-झुडपांच्या मुळांतून पाणी आणि क्षार ओढून घेतं. ‘झाडावर नजर राहावी’ म्हणून भोवतीचं सगळं कुंपण साफ केलं, तर चंदन खंगतं. बाकीची झुडपं राहू द्या. त्यापेक्षा हालचाल झाल्यावर लागणारा दिवा बसवा आणि कॅमेऱ्याचं तोंड एकदा तपासा. सोसायट्यांचे कॅमेरे पार्किंग आणि फाटकाकडे बघत असतात, चोर मागच्या भिंतीवरून येतात.

रखवालदाराला एकट्याला पुढे करणं

चंदनचोर टोळीनं येतात, त्यांच्याकडे कोयता आणि करवत असते. रखवालदाराला धमकावून, बांधून ठेवून झाडं नेल्याच्या घटना पुण्यात झाल्या आहेत. झाडापायी माणसाचा जीव धोक्यात घालू नका. रखवालदाराला एवढंच सांगून ठेवा: आतून ११२ ला फोन, मग दिवे आणि शिट्टी. गाडीचा रंग आणि ती कुठल्या दिशेला गेली, एवढं टिपलं तरी पुरे.

चोरीनंतर आवार झाडून घेणं

सकाळी उठून बघावं तर फांद्यांचा ढीग पडलेला आणि मधला बुंधा गायब. चोर पांढऱ्या लाकडाच्या फांद्या टाकून जातात. पहिली प्रतिक्रिया असते कचरा उचलायची. पंचनामा होईपर्यंत काहीही हलवू नका. कापलेल्या तोंडावर मोजपट्टी ठेवून फोटो घ्या.

तक्रार तोंडी देऊन परत येऊ नका. गुन्हा नोंदवून घ्या. झाड जमिनीत उभं असेपर्यंत ती स्थावर वस्तू, पण तुटून जमिनीपासून वेगळी झाली की तिची चोरी होऊ शकते, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ च्या स्पष्टीकरणातच आहे. शस्त्राचा धाक दाखवला असेल तर ती जबरी चोरी, आणि पाच किंवा जास्त जण असतील तर दरोडा. फिर्यादीत हे स्पष्ट लिहिलं जाईल असं बघा.

दुसरा अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे द्या. महाराष्ट्रात नागरी भागांसाठी १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात झाड ‘तोडणे’ म्हणजे फक्त करवत चालवणं नव्हे. जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. बुंध्यात भोक पाडून आम्ल ओतणं, गोल साल काढणं हेही त्यात बसतं. जाहिरात फलकाच्या आड येतात म्हणून अशी मारली जाणारी झाडं दिसली तर हे लक्षात ठेवा. याच अधिनियमाच्या २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे.

या सगळ्या अर्जांना बळ येतं ते आधीच्या नोंदीनं. जमिनीपासून साडेचार फुटांवरचा घेर, अंदाजे उंची, जागेचा नकाशा आणि तारीख दिसेल असा फोटो दरवर्षी काढून ठेवा. महापालिकेच्या वृक्षगणनेत झाड आलंय का तेही पाहून घ्या. नोंदच नसेल तर ‘इथे झाड होतं’ हेच सिद्ध करत बसावं लागतं.

‘छाटणी चालू आहे’ यावर विश्वास ठेवणं

पावसाळ्याआधी छाटणीच्या नावाखाली अख्खी झाडं जातात. ठेकेदाराची माणसं आली की परवानगीचा कागद मागा: झाडाची जात, संख्या, छाटणी की तोड. तोडीसाठी आधी झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. कागद नसेल तर काम थांबवायला सांगा आणि लगेच उद्यान विभागाला कळवा.

भीतीपोटी स्वतःच्या आवारातलं चंदन स्वतःच पाडून टाकणारेही आहेत. तेही विनापरवानगी करता येत नाही, आणि ते लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो.

बुडखा उपटून टाकणं

झाड गेलं तरी बुडखा ठेवा, पण उघडा टाकू नका. चंदनाचं सुगंधी तेल मुळांतही असतं, त्यामुळे चोर मुळासाठी परत येऊ शकतात. पंचनामा झाल्यावर त्यावर माती चढवा. भोवतीची झुडपं शाबूत असतील तर पावसाळ्यात मुळांवरून फुटवे येतात. त्यातला जोमदार एक ठेवून बाकीचे काढा, आणि त्याची नोंद त्याच वर्षी वहीत करा.