जिनिंगसमोरची गाड्यांची रांग: काटापावतीवरून हिशेब

कापसाचा हंगाम भरात आला की जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या न् मेटाडोर रस्त्यावर लागतात आणि एसटी अडकते. गाड्याच फार झाल्या, असं सगळे म्हणतात. पण एक गाडी किती वेळ अडकून राहते, हे आधी पाहा. ते बरंचसं काटापावतीवरच, म्हणजे वजनकाट्याच्या पावतीवरच, असतं.

दोन आठवड्यांच्या पावत्या घ्या. शेतकऱ्याचं नाव, मोबाईल सोडून चारच रकाने भरा: गाडी नंबर, प्रकार, भरल्या वजनाची वेळ, रिकाम्या वजनाची वेळ. दोन वेळांतला फरक काढून सगळे फरक लहान-मोठे लावा आणि मधला आकडा घ्या. सरासरी नको, तळाचा कापूस ओला निघून वाद झालेली एकच गाडी ती बिघडवते.

इथे चुका ठरलेल्या. काट्याच्या संगणकाचं घड्याळ चुकलेलं असतं. काही ठिकाणी रिकामं वजन जुन्या नोंदीवरून टाकतात, म्हणजे बाहेर पडायची वेळ खोटी. अशा पावत्या बाजूला काढा. ट्रॅक्टरचा नंबर एकीकडे, ट्रॉलीचा दुसरीकडे लिहिला की एकच गाडी दोनदा मोजली जाते.

मोठी उणीव वेगळीच. काट्याला फाटकाबाहेरची रांग दिसत नाही. म्हणून तीन दिवस रांगेच्या शेपटाशी माणूस बसवा. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ त्याने लिहायची. नंतर पावतीशी जुळवा. जीपीएसवर भिस्त ठेवू नका, तो गठाणी (रुईचे दाबून बांधलेले गठ्ठे) आणि सरकीच्या ट्रकांत सापडेल, ट्रॅक्टरात क्वचितच.

आता गुणाकार. समजा तासाला १२ गाड्या येतात आणि शेपटापासून रिकाम्या वजनापर्यंत अडीच तास जातात. म्हणजे एका वेळी ३० गाड्या. आवारात जागा १८ची, तर १२ रस्त्यावर. गाडीमागे १० मीटर धरले तर १२० मीटर रांग. हाच वेळ दीड तासावर आला की रस्ता मोकळा.

वेळ कुठे जातो ते पाहून उपाय करा. भरलं वजन झाल्यावर गाडी तासभर उभी राहत असेल तर खाली करायला हमालांची टोळी वाढवा. काट्याआधीच थांबत असेल तर टोळी वाढवून काही होत नाही. एका वजनाला २ मिनिटं, गाडीची दोन वजनं, म्हणजे एक काटा तासाला जास्तीत जास्त १५ गाड्या काढतो. बोली संपताच बाजार समितीतून २५ गाड्या एकदम सुटल्या तर रांग लागणारच. मग समितीशी बोलून गाड्या टप्प्याने सोडायच्या: तासाला १२, टोकन देऊन. टोकन असलेली गाडी समितीच्या आवारातच थांबली पाहिजे, नाहीतर रांग फक्त चौकात सरकते.

रस्त्यावरचा भार मोजताना सगळ्या गाड्या सारख्या धरू नका. ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकात एका कारचा भार १ मानून ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५ आणि मोठी बैलबंडी ८ धरली आहे. मोजताना नेमकी ही बंडीच राहून जाते.

गठाणींचे ट्रक संध्याकाळी ७ नंतर भरायला लावा. १७० किलोची एक गठाण, १०० गठाणी म्हणजे १७ टन. एवढा ट्रक दुपारी फाटकात वळायला लागला की दोन्ही बाजू बंद.