जंगलयुद्धातला सैनिक अभ्यासायचा तर

लष्करी इतिहासाच्या अभ्यासाला नव्याने लागलेल्यांना मी आधी जमीन वाचायला सांगतो, माणूस नंतर. आपल्याकडे व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, म्हटलं की यशवंत घाडगे, नामदेव जाधव ही नावं निघतात. पण ते दोघे लढले इटलीत. जंगलातली लढाई समजून घ्यायची तर बर्मा आघाडीच धरावी लागते.

सुरुवात नाईक नंद सिंग यांच्यापासून करा. अकराव्या शीख रेजिमेंटची पहिली पलटण, मार्च १९४४, मौंगडॉ-बुथिडाँग रस्ता. पलटणीच्या मोर्च्यात घुसलेल्या सुमारे चाळीस जपान्यांनी टेकडीवर खंदक खणून मशीनगन लावल्या होत्या. लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रातलं त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं प्रशस्तिपत्र इंटरनेटवर सहज मिळतं. त्यात चढाईच्या वाटेचं वर्णन आहे, तिथे थांबा. उभ्या चढाची, सुरीच्या पात्यासारखी अरुंद सोंड! अशा ठिकाणी सेक्शनला, म्हणजे सैनिकांच्या छोट्या तुकडीला, पसरता येत नाही. जो पुढे, गोळ्या त्याच्याच वाट्याला. आणि पुढे होते नंद सिंग. मांडीत गोळी घुसली तरी पहिला खंदक घेतला. मग एकटेच सरपटत निघाले. हातबॉम्बने चेहरा आणि खांदा जखमी झाला, तरी दुसरा घेतला, तिसराही घेतला. जमिनीचा चढउतार दाखवणारा समोच्च रेषांचा नकाशा शेजारी नसेल तर हे सगळं नुसतं वीरश्रीचं वर्णन वाटतं.

दुसरी गोष्ट आजारपण. १९४३ मध्ये या आघाडीवर एका जखमीमागे १२० आजारी सैनिक मागे न्यावे लागत होते. हिवताप, आव, स्क्रब टायफस. चढाईला उभा राहिलेला जवान किती थकलेला असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

पलटणींच्या वॉर डायऱ्या, म्हणजे युद्धकाळातल्या रोजच्या नोंदी, लंडनला, क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, ‘डब्ल्यूओ १७२’ या मालिकेत आहेत. वाचायला रुक्ष, पण तारखा पडताळायला त्यांच्याकडेच जावं लागतं.

आणि पदक मिळालं की फाइल मिटू नका. हेच नंद सिंग जमादार (तेव्हाचा सैन्यातला कनिष्ठ अधिकाऱ्याचा हुद्दा) म्हणून डिसेंबर १९४७ मध्ये काश्मीरात उरीजवळ लढताना धारातीर्थी पडले. मरणोत्तर महावीर चक्र त्यांना मिळालं, पण त्या पदकाची स्थापनाच १९५० ची, १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केलेली. म्हणून १९४७ च्या कागदांत पदकाचं नाव शोधत बसू नका. लढाईचा तपशील तेवढा त्यांत बघा.