कॅमेऱ्यासाठी माईक घेताय? आधी या चुका टाळा

माईक कोणता घेऊ, असं विचारणारे बहुतेक जण पुढच्याच वाक्यात बजेट सांगतात. मला आधी दुसरंच ऐकायचं असतं: बोलणारा कुठे असणार आहे आणि त्याच्या तोंडापासून माईक किती लांब राहणार आहे? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला आलेला शेतकरी, मिरजेत तंबोरा जुळवत बसलेला कारागीर, कृष्णेच्या घाटावर भर वाऱ्यात आठवणी सांगणाऱ्या आजी आणि घरच्या ओट्यापाशी कृती दाखवणारी वहिनी, या चौघांना एकच माईक पुरणार नाही. महागडा असला तरी नाही.

माईक कॅमेऱ्यावरच ठेवणे

सगळ्यात जास्त आवाज इथे बिघडतो. कॅमेऱ्यावर छोटा शॉटगन, म्हणजे लांबट नळीचा माईक, बसवला की तो समोरच्याचा आवाज ओढून आणेल, असं वाटतं. माईक काही ओढत नाही. लेन्ससारखं झूमही त्याला जमत नाही. बाजूचे आवाज तो कमी घेतो, एवढंच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. तोंडापासून अर्ध्या फुटावरचा माईक उचलून आठ फुटांवरच्या कॅमेऱ्यावर नेला, तर अंतर चार वेळा दुप्पट झालं, म्हणजे 24 डेसिबल गेले. ते भरून काढायला गेन (आलेला आवाज किती वाढवायचा ती सेटिंग) वाढवा, की पंखा, रस्त्यावरचा ट्रक, शेजारचा मिक्सर हे सगळं सोबत वर येतं.

म्हणून मुलाखतीत वायरचा साधा कॉलर माईक महागड्या शॉटगनला सहज मागे टाकतो. शॉटगन आधीच घेतला असेल तर तो कॅमेऱ्यावरून उतरवा, एक्स्टेंशन केबल जोडा, काठीला बांधा, फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंत आणा आणि बोलणाऱ्याच्या छातीकडे रोखा. याचा आणखी एक फायदा आहे. शॉटगन ज्या दिशेला बघतो तिथलं सगळं घेतो. बोलणाऱ्याच्या पाठीमागे टेम्पो चालू असेल तर तोही. वरून रोखलेल्या माईकसमोर फक्त जमीन येते. काठी धरायला कुणी नसेल, तर निदान बोलणाऱ्याला असा उभा करा की गोंगाट कॅमेऱ्याच्या पाठीशी राहील.

खोलीतली गोष्ट निराळी. शॉटगनच्या नळीला बाजूनं फटी असतात. बाजूनं येणारा आवाज त्यांतून थोड्या थोड्या फरकानं आत शिरतो आणि आपसांतच कापला जातो. रानात हे उत्तम चालतं. खोलीत मात्र बोलणाऱ्याचाच आवाज भिंतींवर आपटून बाजूनं परत येतो, अर्धामुर्धा कापला जातो आणि विहिरीतून बोलल्यासारखा पोकळ होतो. बुटका स्लॅब, शहाबादी फरशी आणि रिकाम्या भिंती असतील, तर कॉलर माईक किंवा आखूड कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माईक वापरा. खाली सतरंजी अंथरा, कॅमेऱ्यामागे एखाद-दोन गोधड्या टांगा. त्या गोधड्यांनी जो फरक पडतो, तो पुष्कळदा नवा माईक घेऊनही पडत नाही.

कॅमेऱ्याची खाच न पाहणे

कॅनन 1500डी आणि निकॉन डी3500 या कॅमेऱ्यांना बाहेरच्या माईकची पिन घालायची खाचच नाही. कॅनन 200डीला ती आहे. असे कॅमेरे शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि किंमत बघताना ही खाच पाहायची राहून जाते. खाच नसेल तर कॅमेरा विकायची गरज नाही. आवाज मोबाईलवर किंवा वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या, सुरुवातीला फ्रेममध्ये एक टाळी वाजवा आणि एडिटिंगला टाळीवर टाळी जुळवा. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ ठेवा. तासाभराचं कीर्तन असेल तर शेवटीही टाळी हवी, कारण दोन यंत्रांची घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि ओठ आणि शब्द वेगळे पडतात.

पिनही पाहा. साधारणपणे दोन काळ्या रेघांची पिन कॅमेऱ्याची, तीन रेघांची मोबाईलची. बोया बीवाय-एम1 या कॉलर माईकची पिन तीन रेघांची आहे, पण त्याच्या डबीवर बटण असतं. कॅमेऱ्याला जोडताना ते कॅमेऱ्याच्या बाजूला सरकवावं लागतं आणि आत एलआर44 सेल लागतो. ‘माईक बंद पडला’ अशी तक्रार आली की आधी हेच बटण आणि हाच सेल तपासा.

गाण्याच्या कार्यक्रमातला डायनॅमिक माईक वायर बदलून थेट कॅमेऱ्याला लावू नका. त्याचा सिग्नल इतका बारीक असतो की गेन वाढवल्यावर नुसती सरसर ऐकू येते.

ऑटोवर सोडून देणे

कॅमेऱ्याची आवाजाची लेव्हल ऑटोवर असली, की माणूस दोन वाक्यांमध्ये थांबताच कॅमेरा गेन चढवतो आणि पंखा अचानक मोठा होतो. बोलायला लागलं की पंखा दबतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण तो व्हिडिओ बंद करतो. मेनूत जाऊन लेव्हल मॅन्युअल करा आणि बोलणं सगळ्यात मोठं होईल तेव्हा काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं पाहा. माईकवरच 20 डेसिबल वाढवायचं बटण असेल तर ते लावा आणि कॅमेऱ्याचा गेन खाली आणा, कारण स्वस्त कॅमेऱ्यात सरसर बहुधा कॅमेऱ्याच्याच प्रीॲम्पमधून, म्हणजे माईकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागातून, येते.

नॉइज कॅन्सलेशन सतत चालू ठेवणे

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. नवीन वायरलेस माईकमध्ये आजूबाजूचा आवाज कापण्याचं बटण असतं आणि लोक ते कायम चालू ठेवतात. ही यंत्रणा सलग, एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून पुसते. पंख्यासाठी ते ठीक आहे. पण तंबोऱ्याचा आवाजही सलग, एकसारखाच असतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तिथे कॅमेरे घेऊन जाणारे वाढले आहेत. कारागीर घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली जवारीचा दोरा सरकवतो, तार हळूहळू खुलते, झंकार भरून येतो, आणि व्हिडिओत तो झंकार लागला की क्षणात विरतो. ज्या आवाजासाठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या हात घासतो तोच पुसला जातो, आणि एकदा पुसलेला तो परत आणता येत नाही. शूटिंगच्या वेळी हे बटण बंदच ठेवा. गोंगाट कमी करायचा असेल तर नंतर एडिटिंगमध्ये करा, मूळ आवाज जपून ठेवून. आणि वाद्यासाठी वेगळा माईक लावा. बोलणाऱ्याच्या कॉलरवरच्या माईकला भोपळ्याची गाज नीट मिळत नाही.

वारा आणि कपडे

माईकसोबत येणारा स्पंज ‘प’ आणि ‘फ’ च्या फुंकरीपुरता असतो. आयर्विन पुलावरच्या किंवा साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांजवळच्या वाऱ्याला केसाळ कव्हरच हवं. माईकला लो-कट (खालची घरघर कापणारं बटण) असेल तर तो लावा. बोलणाऱ्याची पाठ वाऱ्याकडे करा, म्हणजे त्याचं अंगच कॉलर माईकला आडोसा देतं. वाऱ्यानं फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये शिवता येत नाही.

कॉलर माईक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावा. साडी असेल तर मंगळसूत्र नक्की आपटतं. माईक मंगळसूत्राच्या रेषेतून बाजूला घ्या, पदराच्या काठाला लावा आणि पदर पिनेनं पक्का करा. काठ जरीचा असेल तर तो घासतो, तेव्हा ब्लाऊजच्या गळ्याशी लावलेला बरा. कडक खादीचा सदराही खरखरतो. वायरला चिमट्याजवळ एक छोटा वेढा देऊन टेप लावली, की ओढ माईकपर्यंत पोचत नाही.

वायरलेसचा ट्रान्समीटर (बोलणाऱ्याच्या अंगावरची डबी) पाठीला कमरेवर आणि रिसीव्हर (कॅमेऱ्याकडची डबी) समोर, असं ठेवू नका. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या अंगात शोषल्या जातात आणि मंगल कार्यालयाच्या गर्दीत आवाज तुटतो. परवडत असेल तर ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारा संच घ्या.

साऊंडवाल्याकडून लाइन घेताना

मिक्सरची लाइन माईकच्या खाचेत थेट घातली की आवाज फाटतो. कॅमेऱ्याचा गेन कमी करूनही फाटकाच राहतो. मधे आवाज उतरवणारी केबल लावा, किंवा ती लाइन रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला द्या. शिवाय मिक्सरमध्ये ज्याच्यापुढे माईक आहे तेवढंच येतं. टाळकरी आणि श्रोत्यांचा गजर हवा असेल तर सभागृहात आपला एक माईक वेगळा ठेवा.

तरीही बिघडलंच तर

एकाच कानात आवाज येत असेल तर तो बहुधा मोनो पिनेमुळे. एडिटिंगमध्ये ती बाजू दोन्हीकडे पसरवा. हेडफोनची खाच नसेल तर निघण्याआधी तिथेच अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐका. सलग घुंई आवाज येत असेल तर कॅमेरा आणि लॅपटॉप दोन्ही चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. घुंई थांबली तर दोष चार्जरकडे आहे, माईक परत करायला दुकानात जाऊ नका.