चप्पल वाचवायची असेल तर: कुत्र्याच्या नको त्या सवयींवर खेळणी कशी वापरायची

आमची चिंगी घरी आली तेव्हा चार महिन्यांची होती आणि पहिल्या पंधरा दिवसांत तिने तीन चपला, सोफ्याचा कोपरा आणि चार्जरची वायर संपवली, आम्ही ओरडत मागे धावायचो आणि ती अजूनच चेकाळायची कारण तिला वाटायचं सगळे खेळायलाच आलेत. चावणं ही कुत्र्याची गरज आहे, ती बंद होत नाही, आपण फक्त ती चपलेवरून खेळण्यावर वळवायची.

आधी कारण बघा. पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात, तोपर्यंत हिरड्या शिवशिवतात. मोठा कुत्रा तुम्ही ऑफिसला गेल्यावरच कुरतडत असेल तर मोबाइल लावून शूट करा. नुसता कंटाळा असेल तर खेळण्याने फरक पडतो, पण तो सारखा रडत असेल, लाळ गाळत असेल, दार ओरबाडत असेल तर ती एकटं राहण्याची भीती आहे, व्हेटशी बोला प्लीज.

मग खेळणं निवडा. रबराचं घ्या, अंगठ्याचं नख जरा तरी रुतलं पाहिजे, त्याहून कडक असेल तर दात तुटू शकतो. अख्खं तोंडात जाईल एवढं छोटं नको, घशात अडकतं. दोरीचं खेळणं असेल तर धागे निघायला लागले की सरळ फेका, ते आतड्यात अडकतात. आणि जुनी चप्पल खेळायला देऊ नका हो, जुनी कुठली आणि नवी कुठली हे त्याला कसं कळणार?

घरात एकटं ठेवायचं असेल तर आतून पोकळ रबरी खेळणं बेस्ट. पहिले दोन-तीन दिवस त्याचं रोजचं कोरडं खाणंच आत भरा, सहज बाहेर पडेल असं, नाहीतर वैतागून सोडून देतो. जमायला लागलं की बिनमिठाचा दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, चाटत बराच वेळ बसतो. तेवढं जेवण ताटातून कमी करा. पीनट बटर भरणार असाल तर लेबल वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्यांसाठी विष आहे. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट पण अजिबात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण बहुतेक घरांत इथेच चुकतं. खेळणं भुंकणं सुरू झाल्यावर दिलं तर तो शिकतो की भुंकलं की खाऊ येतो. म्हणून आधी द्यायचं. पाहुणे येणार असतील तर बेल वाजायच्या पाच मिनिटं आधी, तुम्ही बाहेर जाणार असाल तर चप्पल घालायच्या आधी. उड्या मारणाऱ्या कुत्र्याला बेल वाजली की बॉल तोंडात घ्यायला शिकवा, घरातल्याच कोणाला तरी बेल वाजवायला सांगून रोज पाच-सहा वेळा प्रॅक्टिस करा, आम्हाला तीन आठवडे लागले.

चप्पल पळवलीच तर मागे धावू नका. दुसरं खेळणं हलवून दाखवा, "सोड" म्हणा, सोडली की लगेच शाब्बास आणि खेळणं त्याचं. गुरगुरत असेल तर हिसकावू नका, चावेल, त्यासाठी न मारता शिकवणारा ट्रेनर गाठा.

सगळी खेळणी एकदम बाहेर नकोत, तीन-चारच ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी बदला, म्हणजे जुनंच परत नवं वाटतं.

आणि दहीभाताचं खेळणं रोजच्या रोज गरम पाण्याने बाटलीच्या ब्रशने आतून धुवा, पावसाळ्यात तर लगेच बुरशी धरते.