घर बांधताय? या चुका टाळा, निदान कूलर आणि गॅस गिझरवाल्या तरी

मी इंजिनिअर नाही, आधीच सांगतो. २०१९ मधे अमरावतीला स्वतःचं घर बांधलं आणि तेव्हापासून नात्यातलं नाहीतर ऑफिसातलं कोणीही प्लॉटवर पाया खणायला घेतला की मला "भाऊ, एक चक्कर मारून जा ना" म्हणतात. जातो मी. चहा पितो, त्याच त्या चुका बघतो, सांगतो, समोरचा मान हलवतो आणि करायचं तेच करतो. एलिव्हेशनला, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूला, दगडी टाइल्स लावायला दोन लाख काढतात लोक, पण झरोक्याला दीड फुटाचं भोक ठेवा म्हटलं की "कबुतरं येतात" म्हणून नाही.

तर माझी स्वतःचीच चूक आधी. आमच्या मागच्या बेडरूमला एकच खिडकी, तीही पश्चिमेला. नकाशा बघताना छान वाटलं होतं, बेड इकडे, कपाट तिकडे, कूलर खिडकीत. पहिल्या मे महिन्यात ४५ डिग्री होतं, मोठा डेझर्ट कूलर खिडकीत बसवला, दार लावलं आणि झोपलो. पहिला अर्धा तास एकदम स्वर्ग. मग गादी अंगाला चिकटायला लागली, रात्री दीडला उठून बघतो तर चादर दमट, कपाटाचं दार फुगलेलं, आणि हवा गार असूनही जीव घाबराघुबरा. दुसऱ्या दिवशी कूलरच्या ताट्यांमधलं वुड वूल, म्हणजे लाकडाचं गवत, बदललं. पंप बदलला. मेकॅनिक आला, त्याने मोटर काढून बघितली आणि मोठा पंखा टाका म्हणाला, तोही टाकला, मग तर आणखीच वाफारा. चार दिवस हा तमाशा बघून आई म्हणाली, "अरे दार तर उघड, आत आलेली हवा जाईन कुठून?"

बस, एवढंच होतं. कूलर म्हणजे एसी नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवा गार होते आणि ती वाफ त्याच हवेसोबत खोलीत येते. ती बाहेर गेली नाही तर खोलीत दमटपणा चढत जातो, घाम सुकत नाही, आणि दोन तासांनी तुम्ही थंडगार सॉनामधे झोपलेले असता. म्हणून कूलरच्या समोरच्या बाजूला, शक्यतो वर, हवेला जायला वाट पाहिजे. कूलरच्या तोंडाच्या दीडपट उघडी जागा असावी असं मी धरून चालतो, माप माझं आहे, पुस्तकातलं नाही. मला शेवटी तयार भिंत फोडून झरोका काढावा लागला, छपाई, पुट्टी, रंग सगळं नव्याने, घरभर धूळ, बायको आठ दिवस बोलली नाही. विटा रचताना हेच काम मिस्त्रीने अर्ध्या दिवसात केलं असतं.

तेव्हापासून माझी एक सवय. कोणाच्याही साइटवर भिंती लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंत, आल्या की प्रत्येक खोलीत अगरबत्ती लावून उभा राहतो, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी. धूर कुठे जातो ते बघायचं. एका जागी घुटमळला तर तिथे रात्री तुम्हीही घुटमळणार. लोक हसतात. हसू द्या.

किचनचा एक्झॉस्ट फॅन हाच प्रकार. दार बंद, खिडकी डासांमुळे बंद आणि वर फॅन घोंघावतोय, तो ओढणार काय? आणि फॅन खिडकीच्या शेजारी लावू नका, खिडकीतून हवा येते, तशीच फॅनमधून जाते आणि फोडणीचा धूर तिथेच शेगडीवर बसून राहतो. स्लायडिंग खिडकी घेणाऱ्यांना एवढंच सांगतो की ती सहसा अर्धीच उघडते, पैसे मात्र पूर्ण खिडकीचे जातात. पश्चिमेच्या खिडकीवर मोठा छज्जा काढून उपयोग नाही, चार वाजता ऊन आडवं येतं, छज्जाखालून थेट आत. तिथे झाड नाहीतर बांबूचा पडदा, तोही खिडकीच्या बाहेरून. आतून लावलेला पडदा गरमी आत आल्यावर अडवतो.

आता गॅस गिझर. इथे मी जरा चिडून बोलणार आहे.

माझ्या चुलतभावाने चार बाय सहाचं बाथरूम बांधलं आणि जागा वाचावी म्हणून गॅस गिझर आतच लावला. वर काचेच्या पट्ट्यांचा व्हेंटिलेटर होता, डिसेंबरात गार हवा येते म्हणून त्यावर त्याने थर्माकोल चिकटवला. एक्झॉस्ट फॅनसाठी भोक होतं, त्यात कागद कोंबला होता, फॅन "नंतर लावू" मधे राहिला. एका सकाळी पोरगा आंघोळीला गेला, नववीतला. काकू ओट्यावर होत्या, त्यांच्या लक्षात आलं की बादली भरून वाहतेय, पाण्याचा आवाज एकसारखा येतोय, मग्ग्याचा आवाज नाही. हाक मारली, उत्तर नाही. दार तोडलं. पोरगा खाली पडलेला. उघड्यावर आणला, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाचला. काकू ओट्याऐवजी देवघरात असत्या तर काय, हा विचार मी करत नाही.

बंद जागेत गॅस जळला की ऑक्सिजन कमी होतो, मग ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलेंडर गळला तर वास येतो कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, याला कोण मिसळणार? रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो, म्हणून माणसाला गुदमरल्यासारखं वाटायच्या आधी पाय जातात. कडी उघडायलाही जमत नाही.

आणि "आमच्याकडे एक्झॉस्ट आहे" हे मला सांगू नका. लाइट गेली की फॅन बंद, पण बहुतेक गॅस गिझर दोन सेलवर पेटतात, ते चालूच राहतात. आपल्याकडे लाइट कधी जाते ते मी सांगायला नको. उपाय एकच, गिझर बाथरूमच्या बाहेर, मागच्या अंगणात नाहीतर मोकळ्या बाल्कनीत, आणि आत फक्त पाइप. पाइपची लाइन छपाईच्या आधी ठरवा. टाइल्स लागल्यावर कोणी फोडायला तयार होत नाही, आणि मग "सध्या आतच लावू" चालू होतं. चुलतभावाचंही तसंच झालं होतं.

पाणी तापवायचा सोलर लावणार असाल तर ते चांगलंच, पण मे महिन्यात जागा ठरवू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, कशाचीच सावली दिसत नाही, सगळी गच्ची सारखीच वाटते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारालाही जेमतेम ४५ अंशांवर, म्हणजे जेवढी जिन्याच्या खोलीची उंची तेवढीच तिची सावली उत्तरेकडे. माझ्या साडूने सोलर नेमका त्या खोलीच्या उत्तरेला बसवला. उन्हाळ्यात चटका बसेल असं पाणी, तेव्हा ते कोणाला नको होतं, आणि थंडीत कोमट. कंपनीला शिव्या देऊन झाल्या, पाण्यात क्षार आहेत म्हणून झालं, शेवटी गच्चीवर जाऊन उभं राहिलो तर अर्ध्या नळ्या सावलीत. दक्षिणेकडे मोकळी जागा बघा, एवढंच. पाइपही जवळ ठेवा, पाऊण इंची पाइप ६० फूट लांब गेला तर गरम पाणी यायच्या आधी साडेचार लिटर गार पाणी सोडून द्यावं लागतं, प्रत्येक आंघोळीला. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे गरमी सोसणारा प्लास्टिकचा पाइप, साधा पीव्हीसी वाकतो.

बाकीच्या चुका पटापट. काळ्या मातीवर नुसत्या रबलच्या, म्हणजे ओबडधोबड दगडांच्या, पायावर भिंत उचलू नका, ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भेगा तुमच्या भिंतीत पडतात. पायासाठी इंजिनिअरला दाखवा, भावजीला नाही. मालात, म्हणजे सिमेंट-रेती-गिट्टीच्या मिश्रणात, पाणी वाढवू देऊ नका. मजुरांना पातळ माल पसरवायला सोपा जातो, म्हणून नळी धरून उभे असतात. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २७ लिटरच्या वर पाणी गेलं की स्लॅबची ताकद वाहून गेली समजा, रेती ओली असेल तर त्याहून कमी. मी स्लॅबच्या दिवशी बादल्या मोजत बसलो होतो, ठेकेदार वैतागला, वैतागू दे.

तराईचं, म्हणजे नवीन काँक्रीट ओलं ठेवण्याचं, तर बोलूच नये. पीपीसी, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं, सिमेंट असेल तर किमान १० दिवस, आमच्या उन्हात १४ धरा, आणि स्लॅबवर मातीच्या पाळी घालून पाणी भरून ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला म्हणजे तराई नाही, दुपारी १२ ला तो स्लॅब पूर्ण सुकलेला असतो. सहाव्या दिवशी वर विटांचा ढीग मारणारे पाहिलेत मी, गृहप्रवेशाचा मुहूर्त काढला होता म्हणे. मुहूर्त आधी आणि स्लॅब नंतर, अशा लोकांना काय सांगायचं.

आजोबांचं घर धाब्याचं होतं, छतावर मातीचा जाड थर, मे महिन्यातही दुपारी आत झोप लागायची. आता पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकराला ती गरमी खाली सोडतो. मी दर मार्चमधे गच्चीला चुना मारतो, त्यात फेव्हिकॉल घालून, दोन हात, पावसाळ्यात निघून जातो, पुन्हा मारायचा. फरक हाताला कळतो. पीओपीचं फॉल्स सीलिंग करून झरोके झाकणाऱ्यांना मात्र मी काहीच सुचवू शकत नाही.

आणि हो, कबुतरांचं. झरोक्याला बाहेरून अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावा, खिळ्यांनी नाही, स्क्रूने, म्हणजे काढून धुता येते. माझी दिवाळीच्या साफसफाईत निघते, गेल्या वर्षी धुळीने पार बुजलेली होती.